मोटार आणायचा खर्चा

आमच्या वडलांचा एक नियम होता. गाडी रिकामी घरी आणायची न्हाई. कापूस घेऊन जालन्याच्या जिनिंगवर गेलेली बैलगाडी परत येताना मीठ आणायची, सरकी आणायची, कौलं आणायची. काहीच न्हाई सापडलं तर शेजारच्या गावातल्या कुणाचं तरी सामान आणायची. रिकामी गाडी दारात उभी राह्यली की त्यांचा तो दिवस खराब. पुढं मी वकील झालो, जालन्यात बिऱ्हाड केलं अन् वडील माझ्याजवळ राह्यला आले. शेत गावाकडं राह्यलं, पण नियम सोबत आला. पुढचा गोंधळ अर्धा ह्या नियमानं केला, अन् अर्धा माझ्या अकलेनं. सगळं वडलांवर ढकललं तर बराबर होणार न्हाई.

मोटार घ्यायचं कारण बायको. त्या काळी असं कुणी तोंड वर करून सांगत नव्हतं. मी लोकांना सांगायचो की तालुक्यांच्या कचेऱ्यांत तारखांना जावं लागतं, म्हणून घेतोय. खरं असं होतं की ती विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली अन् पाठीचं हाड दुखावलं. चालायची, रांधायची, पण खाली वाकता येत नव्हतं अन् बैलगाडीचा हादरा सोसत नव्हता. तिचं माहेर जाफराबादला. एकदा गाडीत कापसाची गादी घालून तिला घेऊन निघालो, तर अर्ध्या रस्त्यात तिची शुद्ध गेली. दोन महिने अंथरुणात होती. त्याच्यानंतर तीन वर्षं तिला माहेर दिसलं न्हाई.

चैत्रात तिच्या भावाचं पत्र आलं. वडलांचा एक डोळा गेल्ताच, आता दुसराही चाललाय. औषध चालू आहे, पण उपयोग न्हाई. दिसतंय तवर लेकीला एकदा पाहायचं म्हणून राह्यले, तर जल्दी आणावं. तिनं पत्र वाचलं, घडी घातली, डाळीच्या डब्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी रांधता रांधता म्हणली, मी बैलगाडीनंच जाते, काय व्हायचं ते होऊ द्या. मी म्हणलो, तू मोटारीनं जाशील. एवढं बोलून बसलो, मंग मोटार शोधणं आलं.

वकिलीच्या परीक्षेला माझ्यासोबत असलेला एक जण सिकंदराबादला होता. त्यानं कळवलं, एक म्हातारे अंमलदार नोकरीतून उतरलेत अन् मोटार विकून राह्यलेत. उघडी मोटार, वर कापडी टप, पुढं पितळेचे दिवे. तेव्हाच ती इतकी जुनी होती की नव्या मोटारवाले तिच्याकडं पाहून हसायचे. किंमत सहाशे हाली, म्हणजे निजामाचे रुपये. मी खूश झालो. मंग स्टेशनावर जाऊन रेल्वेचं भाडं विचारलं. मोटार एकटी असली तरी अख्खा उघडा डबा घ्यावा लागतो, त्याचे दोनशे. बांधाबांध अन् हमाली वेगळी.

घरी येऊन सांगितलं तर वडील म्हणले, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. तिला स्वतःची चार चाकं असताना दुसऱ्याच्या गाडीवर कशाला बसवायची? मी सांगितलं, वाटेत नद्यांना पूल न्हाईत, पेट्रोलचे डबे सोबत वागवावे लागतील, अन् जुनी गाडी कुठं आडरानात बसली तर तिथंच राहील. त्यांना पटलं. पण मी निघालो तेव्हा दारात उभे राहून बोललेच.

"अख्ख्या डब्याचं भाडं देऊन राह्यला तू. रिकामी आणू नको."

सिकंदराबादला पोचलो, पैसे दिले, मोटार ताब्यात घेतली. चालवायला मी शिकतानाच्या दिवसांत शिकलो होतो. मोटारीतून गावात फिरताना एका वखारीपाशी शहाबादी फरशीचे ढीग दिसले. जालन्याच्या मानानं निम्मा भाव. झालं. माझ्या डोक्यात वडलांचा नियम होताच, अन् डोळ्यापुढं घरातलं स्वयंपाकघर आलं. आमचं स्वयंपाकघर मातीचं. ते सारवायला बसता येत न्हाई म्हणून बायको दर आठवड्याला तोंड बारीक करायची. कुणा बाईला सांगून सारवून घेतलं तरी तिला ते मनाजोगतं वाटायचं न्हाई. फरशी बसली की सारवण गेलं. सोळा फरश्या घेतल्या. एकेक उचलायला दोन माणसं लागली.

आता डब्याच्या फळीवर फरश्या ठेवल्या असत्या तर त्यांची वेगळी पावती, वेगळं भाडं. वकील माणूस मी. विचार केला, मोटारीच्या आत ठेवलं तर ते मोटारीचंच. मागची सीट काढली, सोळाच्या सोळा फरश्या मागं रचल्या अन् वर सतरंजी टाकली. मालधक्क्यावरचा बाबू म्हातारा होता. त्यानं मोटारीचं मागचं अंग पाहिलं, सतरंजी पाहिली, माझ्याकडं पाहिलं.

"डब्बा तो उठालेता साब," तो म्हणला, "मोटार का मोटार कू पूछो."

मी हसलो. त्याला चार आणे चहापाण्याला दिले. चाकांना लाकडाच्या पाचरी ठोकल्या, दोरखंडानं मोटार आवळली, अन् मी सवारी गाडीनं पुढं निघून आलो. येताना सबंध रस्ताभर मनात हिशेब लावत होतो की आपण किती वाचवलं. आपल्याच हुशारीवर एवढा खूश मी पुन्हा कधी झालो न्हाई.

चौथ्या दिवशी डबा जालन्याला आला. मी, वडील अन् अर्धी गल्ली स्टेशनावर. मोटार खाली उतरवली तर ती मागून कुत्रं बसावं तशी बसलेली. मोटारीच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात. त्यांना पाटे म्हणतात. हादरा तेच सोसतात. मागचे दोन्ही पाटे मोडले होते. डब्याचे हिसके खात खात फरश्यांनी त्यांचा भुगा केला होता. सतरंजी सरकून फरश्याही उघड्या पडल्या होत्या, मंग न सांगता माल आणला म्हणून दंडही बसला. फरशी मात्र एकही फुटली न्हाई.

वडलांनी फरश्या मोजून घेतल्या, सोळाच्या सोळा. बायको बोलली. मोटार बैल लावून दारापर्यंत ओढत आणली तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती. पदर तोंडाला लावून हसली अन् म्हणली, अति शहाण्याचा बैल रिकामा राहतो म्हणतात, तुम्ही तर भरून आणला. मीही हसलो. दोन दिवसांत नीट होईल असं दोघांनाही वाटत होतं.

जालन्यातच मस्तगडला गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारा एक लोहार होता. लई चांगला कारागीर. त्यानं कधी मोटारीचा पाटा पाहिला नव्हता, पण करून देतो म्हणला. आठ दिवस खपून त्यानं पट्ट्या केल्या. मोटार बाहेर काढली, चढावर घेतली, अन् पहिल्याच खड्ड्यात एक बाजू कडकन गेली. लोहारानं पैसे परत केले अन् म्हणला, हे पोलाद आमच्या भट्टीचं न्हाई मालक. मंग मुंबईला तार केली. पाटे रेल्वेनं मागवले.

त्या दिवसांतच एकदा बायको हळूच म्हणली, जिनिंगवाल्या सेठजींची मोटार दोन दिवस मागून पाह्यली तर? ते तुमचे पक्षकार आहेत, न्हाई म्हणायचे न्हाईत. माझं डोकं आधीच तापलेलं. मी ओरडलो. दारात स्वतःची मोटार असताना मी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहू? गावात हसं करून घेऊ? नेईन तर आपल्याच मोटारीनं नेईन. ती पुन्हा काही बोलली न्हाई. मला तेव्हा वाटलं, तिला पटलं.

सेठजी न्हाई म्हणले नसते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मुंबईचे पाटे आले, बसले, तवर मोटार दारात उभी राहून तीन आठवडे झाले. वैशाख सरत आल्ता. पहाटे निघालो. तिच्यासाठी मागं दोन गाद्या घातल्या, बाजूला उशा. ती तिच्या वडलांनीच दिलेलं हिरवं लुगडं नेसली होती. मोटार मी इतकी हळू चालवली की बाजूच्या बैलगाड्या पुढं जायच्या. भोकरदनच्या पुढं ती म्हणली, पाठ दुखत न्हाई हो. मला लई बरं वाटलं. पूर्णेच्या वाळूत चाकं रुतली तेव्हा लोकांनी हात लावून बाहेर काढलं. दुपारी जाफराबादला पोचलो.

सासरे ओसरीवर बसलेले. मोटारीच्या आवाजाकडं त्यांनी तोंड केलं अन् उठून उभे राह्यले. तोंड थोडं चुकीच्या बाजूला होतं. ती सावकाश उतरली, त्यांच्यापाशी गेली. त्यांनी हात पुढं केला, तिच्या कपाळावरून, गालावरून, खांद्यावरून फिरवला.

"आली का माझी बाई," ते म्हणले. मंग विचारलं, "लुगडं कोणत्या रंगाचं नेसली?"

ती हिरवं म्हणली. तिची भावजय माझ्याशेजारी उभी होती. ती पदरानं डोळे पुसत मला सांगत होती की आठ दिवसांमागं मामंजी दारातून रंग ओळखत होते. मी मोटारीला टेकून उभा राह्यलो.

जेवायला बसलो. सासरे माझ्याशेजारी पाटावर. त्यांना माझी कीव आली असेल, न्हाईतर जावयाशी काहीतरी बोलावं म्हणून असेल, त्यांनी विचारलं, जावईबापू, मोटार लई लांबून आणली म्हणं, आणायला खर्चा किती आला? मी म्हणलो, दोनशे. मंग वाटलं दंड सांगावा, पाटे सांगावे. मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली. ती चुलीपाशी उभी होती, हातात भाकरी.

"एकवीस दिवस, बाबा."

आवाज चढवला न्हाई तिनं. भाकरी वरूनच माझ्या हातात दिली अन् माजघरात गेली. सासऱ्यांनी हातानं चाचपून पाण्याचा तांब्या घेतला. मंग म्हणले, असू द्या, लेकीचा आवाज तर ऐकायला आला. मला आजही त्या जेवणात काय काय होतं ते सांगता यायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती म्हणली, मी इथंच राहते. वडलांना जेवू घालायला, हात धरून न्यायला माणूस लागतं, भावजयीच्या पदराला लेकरं आहेत. पाऊस लागला की मोटार येणार न्हाई, म्हणजे दिवाळीनंतरच येईन. घरी मामंजींना तुम्ही सांगा. ती रागावली होती का? नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

निघताना मेव्हणा दोन पोती ज्वारी मागं ठेवायला लागला, वर आंब्यांची करंडी. म्हणला, एवढी मोटार रिकामी कशाला नेता? मी त्याला हात जोडले. राहू द्या म्हणलो. त्याला वाटलं मला पाट्यांची भीती. नव्या पाट्यांना दोन पोती काहीच नव्हती.

जालन्याला पोचलो तर वडील दारात. सोळा फरश्या भिंतीला टेकून तशाच उभ्या. त्यांनी आधी माझ्याकडं पाह्यलं, मंग मागं वाकून मोटारीत पाह्यलं. दोन गाद्या, दोन उशा.

"रिकामीच आणली?"

"हो," मी म्हणलो, "रिकामीच आणली."

एक उशी त्यांनी उचलली, एक मी, अन् आम्ही घरात आलो.