शाळेचा तळहात

ढुंढिराज मुळे यांना गंगेकाठच्या दुर्गाघाटाकडची मराठी मंडळी ढुंढीमास्तर म्हणत. मी मात्र त्यांना शिकवताना कधी पाहिले नाही. माझी धाकटी बहीण बालिका पाठशाळेत जाऊ लागली, तोवर त्यांची नजर मंदावली होती. फळ्यावरचे गणित दिसेना म्हणून कमिटीने त्यांना शाळेसाठी धान्य गोळा करायच्या कामाला लावले. खांद्यावर गोणी टाकून ते गल्लीगल्लीतून हिंडत. प्रत्येक मराठी घरात चुलीपाशी शाळेचा एक डबा असे. स्वयंपाकाला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ बाईने त्या डब्यात टाकायची. महिनाअखेर मास्तर येऊन डबा गोणीत उपडा करत आणि चौकातला बनिया ते तांदूळ विकत घेई. त्यावर आणि सरकारी ग्रँटवर शाळा चालत होती.

"मूठ हे मोठं सोयीचं माप आहे," ते मला एकदा म्हणाले. "देणाऱ्याला जड नाही, घेणाऱ्याला लाज नाही."

चौतीस सालच्या भूकंपात शाळेच्या भाड्याच्या घराला भेग गेली. मी तेव्हा युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होतो. मास्तरांनी बोलावले म्हणून पाहायला गेलो. भेग पायापासून तिरपी वर चढत गेली होती. नुसता गिलावा फुटला तर अशी भेग पडत नाही. पायाच एका बाजूने बसलेला असतो. वर दगडी पटियांचे, म्हणजे लांब फरशांचे, छत आणि खाली तिसरीच्या मुली पाढे म्हणत बसलेल्या. मी मुलींना अंगणात बसवायला सांगितले. पुढे इन्स्पेक्टरसाहेब आले, त्यांनीही तेच सांगितले आणि वर एक अट घातली. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा स्वतःच्या, धड जागेत भरली पाहिजे, नाहीतर ग्रँट बंद.

कमिटीचे सेक्रेटरी बिंदुमाधव वकील. त्यांनी मास्तरांना घरी बोलावले.

"मूठ पुरे झाली, मास्तर. आता ओंजळ मागा."

"कोणाकडे? नवी ओळख काढायची तर वर्ष जाईल."

"नवी कशाला? जी बाई दहा वर्षं रोज मूठ टाकते, ती रोज एकदा शाळेची आठवण काढते. तिच्याहून जवळचं कोण आहे आपल्याला? तिलाच जास्त मागा."

वकिलांचे म्हणणे बरोबरच होते. पण मागत हिंडायचे होते मास्तरांना. मूठ देणाऱ्या घरात ते आजवर दारातूनच परतत असत. आता आत जाऊन बसू लागले. बायकांची जेवणे झाली की जायचे, एका घरी महिन्यात दोनदा विषय काढायचा नाही, आकडा आपण बोलायचा नाही, खोली बोलायची. "चौथीच्या मुलींना खोली नाही" एवढेच म्हणायचे आणि गप्प बसायचे. हे सगळे त्यांनी ठोकरा खाऊनच शिकून घेतले. ब्रह्माघाटावरच्या एका गृहस्थांनी माझ्यादेखत विचारले, "डबा लहान पडतो म्हणता, मास्तर, की पोट मोठं झालं?" मास्तर हसले. गल्लीत आल्यावर मला म्हणाले, "हसायचं, म्हणजे पुढल्या महिन्याची मूठ तरी बंद होत नाही."

संध्याकाळी ते घरी येत तेव्हा पायऱ्या चढताना मध्येच थांबत. श्वासासाठी थांबत की घरात शिरायचे जिवावर येई, मला ठाऊक नाही.

राजाघाटापाशी सीताकाकू राहत. ग्वाल्हेरच्या एका कारभाऱ्यांच्या त्या विधवा. त्यांच्या मकानाचा खालचा मजला रिकामा पडला होता. त्यांच्याकडे जाताना मास्तरांनी मला बरोबर घेतले, मापे घ्यायला म्हणून. पण तिथे गेल्यावर विषयच काढीनात. शाळा, मुली, पाणी, महागाई. शेवटी काकूच म्हणाल्या, "खालचा मजला पाहून ठेवलात वाटतं."

"ठेवलाय, काकू. नजर गेली तरी एवढं दिसतं."

काकू हसल्या. "घ्या मग. मला तरी कोण आहे? पण एक सांगते. मूठ टाकत होते ते निराळं. मुंगीला साखर घालावी तसं ते. मकान म्हणजे दान. ह्यांच्या श्राद्धाच्या दिवशी संकल्प करून देणार मी. आता तुम्हीच सांगा, शाळेच्या हातावर पाणी कसं सोडू? शाळेला तळहात असतो का?"

मास्तर काकूंचा निरोप घेऊन उठले.

जुन्या मंडळींत हा समज पक्का होता. संकल्प करून पाणी सोडले की दान देणाऱ्याचे पापही घेणाऱ्याच्या हातावर उतरते. असे दान हातावर घेण्याला प्रतिग्रह म्हणतात. मास्तरांचे वडील वेणीमाधवशास्त्री जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवून, मिळेल ते खाऊन राहिले. दानाचे पाणी त्यांनी कधी हातावर घेतले नाही. त्यांच्यामागे आनंदीबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या आईने, एक व्रत धरले होते. ज्या हाताने प्रतिग्रह घेतला त्या हातचे पाणी प्यायचे नाही. रोज पहाटे मास्तर गंगेचा तांब्या भरून आणत आणि आईच्या फुलपात्रात ओतत. तिचा दिवस त्या पाण्याने सुरू होई. आता मास्तरांनी हात पुढे केला तर ते पाणी बंद. हे त्यांना काकूंच्या ओसरीवरच कळले असणार.

आम्ही तसेच वकिलांकडे गेलो. वकील ऐकून वैतागले.

"कुठल्या काळात आहात? पाणी हातावर पडतं, पुसून टाकलं की संपलं."

"मग तुम्ही बसता का? सेक्रेटरी आहात."

वकिलांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. "माझी मुलगी यंदा लग्नाची आहे. तिकडची माणसं जुन्या वळणाची. उगाच बोलायला जागा कशाला द्या?"

"घाटावरचा पंडा घेईल पाणी."

"घेईल. आणि मकानही घेईल," वकील म्हणाले.

दोघेही हसले. मास्तरांनी गोणीची घडी केली आणि उठले.

श्राद्धाच्या दिवशी त्यांनी सीताकाकूंसमोर पाटावर बसून उजवा हात पुढे केला. काकूंनी दर्भ आणि पाणी त्यावर सोडले. कागद शाळेच्या नावाचा, पाणी मास्तरांच्या हातावर. दक्षिणेचा रुपया त्यांनी तिथेच शाळेच्या डब्यात टाकला. मी भिंतीची मापे घेत होतो आणि दोनदा चुकलो.

घरी मास्तरांच्या आईने विचारले, "घेतलंस?"

"घेतलं."

"बरं. तांब्या लीलाकडे दे."

एवढेच. लीलाबाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे घाटावर जाऊ लागल्या. आनंदीबाई मुलाशी पूर्वीसारख्याच बोलत, त्याच्या खोकल्यावर काढा सांगत, शाळेची मूठही रोज टाकत. फक्त त्याच्या हातचे पाणी घेत नसत.

शास्त्रात यावर प्रायश्चित्त आहे. गायत्रीचा मोठा जप केला की हात शुद्ध होतो. मास्तर पहाटे घाटावर जपाला बसू लागले. दिवसभर शाळेच्या डागडुजीचे सामान आणायचे, संध्याकाळी घरोघर जायचे आणि पहाटे थंडीत बसायचे. सुटीनंतर शाळा काकूंच्या खालच्या मजल्यावर भरली. ग्रँट राहिली. वर्षभराने जप संपत आला. मास्तरांच्या चेहऱ्यावर मला प्रथमच थोडी उमेद दिसली.

तेवढ्यात वकील घरी आले. शिंदेघाटाजवळ दिनानाथपंत नावाचे पेन्शनर राहत. त्यांचीही मूठ जुनीच. सीताकाकूंचे पाहून त्यांनाही मोठे काही द्यावेसे वाटले होते. दोन खोल्या बांधून देतो म्हणाले, पण काकूंसारखेच विधिपूर्वक.

"तुमचा हात आता मोकळाच झालाय, मास्तर," वकील म्हणाले. "एकदा घेतलं काय, दोनदा घेतलं काय."

लीलाबाई चिडल्या की हिंदीत जात. आतून म्हणाल्या, "रात रात खाँसते हैं, सबेरे जप करते हैं, और ये कहते हैं हाथ खाली है."

वकिलांनी ऐकले नाही असे केले. मास्तर म्हणाले, "विचार करून सांगतो." पण विचार करण्यासारखे काही उरले नव्हते. पाचवीच्या मुली सहावीच्या वर्गातच बसत होत्या. मास्तरांनी दुसरे पाणी घेतले. जप पुन्हा पहिल्यापासून.

दुसरे झाले तसे तिसरे आले. एकाचे पाहून दुसरा देतो, हे वकिलांचे म्हणणे खरे ठरत होते. मूठ टाकणाऱ्या घरांतून आता विहीर, बाके, शिष्यवृत्ती निघत होती आणि सगळ्यांना समोर एक तळहात हवा होता. या वेळी मास्तरांनी हो म्हणण्याआधी आईला सांगितले. मी तिथेच होतो. नकाशा दाखवायला गेलो होतो.

आनंदीबाईंनी माळ बाजूला ठेवली. "मला काय विचारतोस? नाही म्हणणार आहेस का?"

"नाही."

"मग घे. पण हा जपबिप आता पुरे. लीला सांगते, घाटावर बसल्याबसल्या डुलक्या घेतोस तू. परवा म्हणे माळ पाण्यात पडली."

"पडली होती. काढली."

"झोपेत केलेल्या जपाचं पाणी मी पिणार नाही. त्यापेक्षा लीला बरी. तू घरी झोप."

"म्हणजे तुला पाणी कधीच नाही द्यायचं मी?"

आनंदीबाईंनी माळ पुन्हा हातात घेतली. "व्रत माझं आहे, ढुंढी. ते मी सांभाळीन. तुला त्याच्यासाठी थंडीत बसायला मी सांगितलं नव्हतं."

मास्तरांनी तिसरे दान घेतले, पुढेही घेतली. जप सोडला. पहिले काही दिवस सवयीने पहाटे जाग येई, असे लीलाबाई सांगत. मग उन्हे वर आली तरी उठवावे लागे.

पुढल्या मार्गशीर्षात आनंदीबाई अंथरुणाला खिळल्या. हाडाने थोराड बाई. लीलाबाईंना एकटीला त्यांना उठवणे जमेना. तेव्हा तहान लागली की आई मुलाला हाक मारी. मास्तर मागे बसून दोन्ही हातांनी तिला छातीशी टेकवून धरत आणि लीलाबाई पुढून फुलपात्र ओठांना लावत. मी एकदा गेलो तेव्हा असेच चालले होते. वकिलांचा निरोप माझ्याजवळ होता, मुन्शीघाटाकडच्या कुणा नव्या घराचा. मास्तरांनी मानेनेच मला थांबायला सांगितले. आनंदीबाई सावकाश पाणी पीत होत्या, आणि त्यांचे पिऊन होईपर्यंत मास्तर हलले नाहीत.