आम्ही स्वतः शिवलेले

संक्रांतीच्या वाणासाठी मी दरवर्षी आमच्या भागातल्या बचत गटाकडून बटवे घेते. त्यांच्या विक्रीच्या टेबलावर 'आम्ही स्वतः शिवलेले' अशी पाटी असते, म्हणून थोडे जास्त पैसेही मोजते. यंदा बटवा उलटा केला, तर आत शिवणीत परदेशी अक्षरांची कंपनीची चिठ्ठी.

टेबलामागे गटातली सुनीता होती. "सुनीता, हा तू शिवलास?"

"नाही ताई. माझं नुसतं कापडच याहून महाग पडतं. मशीन विकलं मी."

स्वस्त मालानं धंदे बसतात हे ठाऊक होतं. ओळखीचं माणूस तोंडावर फसवेल, हे नव्हतं.

"मग पाटी तरी काढ."

"काढते. पण मग तुम्ही थांबाल इथे?"

तेवढ्यात एक बाई पाटी वाचून म्हणाल्या, "हाताचं काम ते हाताचं काम!"

सुनीता माझ्याकडे बघत राहिली. मी चिठ्ठी आत ढकलून बटवा सुलटा केला.