जाऊबाईंची फुलदाणी

आज पुसताना फुलदाणीवरची निळी स्फटिकफुलं उन्हात चमकली आणि सुरतेत बमरोलीच्या आमच्या घराच्या गच्चीवरची, मातीची भांडी भाजायची भट्टी आठवली. भांड्यावर लावलेली काचेसारखी झिलई वितळली की आच थोडी उतरवून तासन्‌तास तशीच धरावी लागते, तेव्हा कुठे तिच्यात फुलं उमलतात. म्हणून भर दुपारी घामाघूम होऊन मी भट्टीच्या तापमापकाच्या काट्यावर नजर ठेवून बसले होते. आत आम्हा दोघींची एकेक फुलदाणी होती. जाऊबाई खाली वांगी भाजत होत्या. भट्टी निवल्यावर उघडली. त्यांच्या फुलदाणीवर फुलंच फुलं, माझी कोरी.

"अगं, तुझी किती गुळगुळीत आलीय!" त्या म्हणाल्या. माझा नुसता तिळपापड झाला.

गावी परतताना त्यांनी आपली फुलदाणी मलाच दिली. पाहुणे विचारतात, "कोणी केली?" मी त्यांचं नाव सांगते. आच कोणी धरली, हे मेलं अजून कुणीच विचारलेलं नाही.