कानाला पोचलेला हात

रसायनशास्त्रात नुकतीच पीएचडी झालेल्या तरुणांसाठी एक पुरस्कार असतो. देशभरातल्या मोजक्या प्रबंधांना मिळतो, आणि मिळाला की परदेशातल्या प्रयोगशाळा स्वतःहून पत्रं पाठवतात. मला तो हवा होता. खोटं कशाला बोलू, भाषणसुद्धा तयार होतं.

प्रबंध आहुप्याच्या जंगलातल्या हिरड्यावर. सहा वर्षं मी ते तुरट फळ उकळलं, गाळलं, वाळवलं. माझे मार्गदर्शक सहसा कुणाचं कौतुक करत नसत, पण शिफारसपत्र त्यांनी आपणहून लिहिलं. म्हणाले, "शुक्रवारच्या आत अर्ज जाऊ दे. वय तिशीच्या आत आहे ना?"

"एकोणतीस," मी छातीठोक सांगितलं. आई तेवढंच सांगायची.

मग पुरावा जोडायला शाळा सोडल्याचा दाखला काढला. जन्मतारीख एक जून. त्याचं काही नाही, आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मली होती. पण वर्ष बघितलं आणि बोटं मोजत खाली बसलो. कागदावर मला तिशी उलटून सात महिने झाले होते! हिरड्याचा मिलिग्रॅम तीनदा तोलणाऱ्या या शहाण्यानं स्वतःचं वय एकदाही मोजलं नव्हतं.

गावी धावलो.

"आई, मी नक्की जन्मलो कधी?"

"दसऱ्याच्या तोंडावर. बटाट्याची काढणी चालली व्हती."

"मग शाळेत सव्वा वर्ष जास्त कुणी लावलं?"

"तूच! थोरला शाळंला निघाला की तुजी रडारड. लई घाई व्हती तुला."

तेव्हा आठवलं. जन्माचा दाखला कुणाकडेच नसे. मास्तर पोराला उभं करत आणि डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. धरता आला की सहा वर्षं पुरी, घाल शाळेत. माझा हात काही केल्या पोचेना. मग मी हळूच मान कलती केली आणि कानच हाताकडे आणला. आयुष्यातला माझा पहिला प्रयोग, आणि त्यातच लबाडी.

शाळेतले नवे मुख्याध्यापक म्हणाले, "भाऊ, दहावी झाल्यावर तारीख बदलत नाय. येवढं शिकलात अन् आता आठवलं व्हय?"

उरले जुने मास्तर. त्यांनी चिठ्ठी दिली तर पुरस्कारवाले ऐकतील, अशी माझी भाबडी समजूत. निवृत्त होऊन ते लोणीला राहत होते. दोन एसट्या बदलून पोचलो, तर ओट्यावर लसूण सोलत बसलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"कान धर."

"मास्तर, अहो, मी आता..."

"धर म्हणतो ना."

धरला. पीएचडी झालेला माणूस, काखेत अर्जाची फाईल, डोक्यावरून हात.

"पोचला की. मग माजं काय चुकलं?"

"तेव्हा मी मान वाकडी केली होती!"

"ती काय मला दिसली न्हाई? पटावर एक पोरगं कमी पडत व्हतं, अन् तू दारातनं हलायला तयार नाय. देतो की चिठ्ठी. काय लिहू? पोरगं खोटं वागलं, अन् मास्तरानं चालवून घेतलं?"

एवढं बोलून त्यांनी लसणाचे हात धोतराला पुसले आणि खरंच पेन मागितलं. मी पेन नाही म्हणालो. ते माझ्या खिशात होतं, त्यांना दिसतही होतं.

शुक्रवारी मार्गदर्शकांना खरं ते सांगितलं. त्यांनी दाखला उलटसुलट पाहिला. "म्हणजे निवृत्तही सव्वा वर्ष आधीच होणार तू." हे मला सुचलंच नव्हतं.

पुरस्कार माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीला मिळाला. काम चांगलंच होतं तिचं. शिवाय ती जन्मली होती पुण्यातल्या दवाखान्यात, तारीख-वेळेसकट. टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत होतो, मान अगदी सरळ ठेवून.