पहिले दहा सेकंद

जयपुरात आमचा हौशी गिटारवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. वीसेक जण असू. एक दातांचे डॉक्टर, दोघे-तिघे आयटीतले, एक बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, आणि रसायनशास्त्र शिकवणारा मी. आम्ही वर्षभरात जेवढं वाजवतो त्याच्या दसपट अ‍ॅम्पबद्दल बोलतो. जुन्या पद्धतीचा, काचेच्या ट्यूबवाला अ‍ॅम्प बरा की नव्या पद्धतीचा, ह्यावरून दोन माणसांनी एकदा तीन आठवडे एकमेकांशी अबोला धरला होता. त्यातला एक मी होतो, आणि माझंच बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं.

त्या अबोल्याला कंटाळून बँकेतल्या साहेबांनी नियम घालून दिला. ज्याने नवा अ‍ॅम्प, माइक, रेकॉर्डिंगचं काहीही घेतलं असेल त्याने ठरलेल्या धुनेचे तेच आठ बार, म्हणजे तालाचे आठ छोटे तुकडे, वाजवून ग्रुपवर टाकायचे. आणि त्याआधी दहा सेकंद सगळी यंत्रं चालू ठेवून तारांना हातसुद्धा लावायचा नाही. म्हणजे अ‍ॅम्पची घरघर, वायरींची गुणगुण, माइकची सळसळ, जे काय असेल ते उघडं पडेल. बाकीच्यांनी हेडफोन लावून ऐकायचं आणि गुण द्यायचे. एवढा शहाणपणाचा नियम आमच्या ग्रुपमध्ये दुसरा नाही.

पण आमच्यापैकी कुणाच्याच घरी स्टुडिओ नव्हता. ज्याने त्याने बेडरूममध्ये, माळ्यावर, जिन्याखाली संसार मांडलेला. त्यामुळे त्या दहा सेकंदांत अ‍ॅम्पच्या आधी घरच येऊन बसायचं. डॉक्टरांकडे हमखास कुकरची शिट्टी व्हायची. आयटीतल्या एकाची बायको 'गीज़र बंद किया क्या?' असं इतक्या स्पष्ट आवाजात विचारायची की नव्या माइकची त्याहून चांगली जाहिरात झाली नसती. बँकेतल्या साहेबांकडे पोपट होता. त्याला आम्ही एकदा दहापैकी आठ दिले.

आणि मुरलीपुऱ्याचे एक भाईसाहब होते. मोटर वाइंडिंगचं त्यांचं छोटं वर्कशॉप, मागच्या बाजूला घर. यंत्रांचं वेड होतं माणसाला. स्वस्तातलं जुनं यंत्र आणायचं, दुरुस्त करायचं, वाजवायचं, विकायचं, की पुन्हा दुसरं. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी त्यांची एक फाइल यायची, आणि तिच्यात त्यांची आई असायची. तिचा खोकला असायचा. दोन तोकडे, एक लांब. मग वाटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज. कधी त्यांच्या ढुंढाडी बोलीत मुलाला हाक, 'रोटी ठंडी हो री छै.' कधी नुसतंच स्वतःशी काहीतरी पुटपुटणं.

माझ्या दहा सेकंदांत काही नव्हतं. आदर्श नगरात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बायको आजारी आईपाशी म्हणून पुण्याला गेली, आई बरी झाली, हिने तिथे नोकरी धरली, आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "मी आता तिकडे यायची नाही." भांडण वगैरे काही झालं नाही. भांडायला दोघांनाही जोर नव्हता. मुलगी हैदराबादला. जयपुरात वाढलेली, तिचं मराठी निम्मं हिंदी. रविवारी फोन करते आणि विचारते, "बाबा, मतलब, तुम्ही एकटे बोअर नाही होत?" मी म्हणतो, मला कामं आहेत. तीसुद्धा विश्वास ठेवल्यासारखं करते.

नवा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा, घेतला तेव्हा माझी पहिली फाइल गेली. लगेच कौतुकाचा पाऊस. 'प्रोफेसर साहब, इतना सन्नाटा! कमरे में क्या लगवाया है?' मी खोटं बोललो. भिंतींना फोम लावलाय म्हटलं. मिसेस बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होत्या, तरी आवाज आत येत नाही म्हटलं. मग सगळे फोमची चौकशी करायला लागले, आणि मी, रसायनशास्त्राचा माणूस, कुठला फोम किती जाडीचा घ्यावा ह्याचा सल्लासुद्धा दिला. दोघांनी तो विकत घेतला आणि माझे आभार मानले.

त्यानंतर कधीतरी मी इतरांच्या फाइलींमधले पहिले दहा सेकंद कापून ठेवायला लागलो. सुरुवातीला खरंच तुलनेसाठी. फोल्डरचं नावही 'तुलना' असंच होतं. पण तुलनेला कुकर कशाला लागतो? कॉलेजातून आलो की चहा टाकायचा, नवे स्पीकर चालू करायचे आणि फोल्डर लावून द्यायचं. खोलीत कुणीतरी वावरतंय असं वाटायचं. कुणी भांडी आवरतंय, कुणी गीझरवरून कावतंय. मी चहा पिताना पेपर वाचायचो, घरात माणसं असली की वाचतात तसा. ह्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आता वाटतं.

सगळ्यात जास्त मला ती मुरलीपुऱ्याची म्हातारी आवडायची. तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पण हिवाळ्यात तिचा खोकला वाढला हे मला कळलं, बहुधा तिच्या मुलाच्याही आधी, कारण त्याचं लक्ष अ‍ॅम्पच्या घरघरीकडे असायचं. 'माताजींना दाखवून घ्या' असं लिहायचं दोनदा मनात आलं. पण माझं तिच्याकडे लक्ष आहे हे सांगायचं कसं? एका अनोळखी बाईचा खोकला आपण रोज संध्याकाळी ऐकतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? नाही लिहिलं.

मग भाईसाहब ग्रुपवर दिसेनासे झाले. दीड महिना काही नाही. कुणी विचारलंही नाही. आमच्या ग्रुपमध्ये माणसाची चौकशी करायची पद्धत नाही, यंत्राची करतात. परत आले ते एक जुना अ‍ॅम्प दुरुस्त करून. फाइल आली. मी हेडफोन चढवले. दहा सेकंद नुसती अ‍ॅम्पची गुणगुण. खोकला नाही, वाटी नाही. मी तीनदा ऐकलं. माताजी गावी गेल्या असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. आणि ग्रुपवर काय लिहिलं? 'हमिंग थोड़ी ज़्यादा है. अर्थिंग चेक कीजिए.' त्यावर त्यांचा एक नमस्काराचा इमोजी आला.

पुढच्या आठवड्यात मी छोटा ट्यूब अ‍ॅम्प घेतला. आठ बार झकास वाजले, एकदाही चुकलो नाही. पण सुरुवातीचे दहा सेकंद ऐकले आणि ती फाइल पाठवायला हात धजेना. इतकं मेलेलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा मी फोल्डरमधून तिचे दहा सेकंद काढले, आदल्या हिवाळ्यातले. आवाज कमी केला, लांबच्या खोलीतून येतोय असा केला आणि माझ्या शांततेखाली सरकवून दिला. इतरांना फसवायचं होतं हे खरंच. पण तिचा खोकला माझ्या घरातला असावा असंही मला वाटत होतं.

डॉक्टरांनी लगेच लिहिलं, 'आज घर में रौनक है, प्रोफेसर साहब!' मी निर्लज्जासारखा संध्याकाळभर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी भाईसाहबांचा फोन आला. आम्ही आयुष्यात एकमेकांशी फोनवर बोललो नव्हतो. त्यांनी फक्त पत्ता विचारला. स्वतःच्या घरातला आवाज कोण ओळखणार नाही! आणि हे तर सगळे दुसऱ्याच्या वायरीतला दोष कानाने धरणारे लोक. मी तासभर सबबी जुळवत बसलो. फाइल चुकून दुसऱ्या ट्रॅकवर पडली म्हणू, सॉफ्टवेअरवर ढकलू. ते चिडून ग्रुपवर लिहितील, मग फोमही निघेल, टीव्ही बघणारी मिसेसही निघेल, ह्याचीच मला जास्त धास्ती होती.

अकराच्या सुमाराला ते आले. माझ्याहून लहान, चाळिशीतले, बोटांना वार्निशचे डाग. मुंडनानंतर वाढायला लागलेले, अजून तोकडे केस. ते पाहिलं आणि मला सगळं कळलं.

"सर, वो खाँसी…" एवढंच ते म्हणाले.

मी माझी एकही सबब काढली नाही. म्हटलं, "माताजी की है. मैंने ली थी. माफ़ कीजिए."

ते दारातच उभे राहिले. म्हणाले, आईला जाऊन दोन महिने होतील. फोटो ढीगभर आहेत. पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, त्यात बँडखाली तिचं एक अक्षर ऐकू येत नाही. "और अपनी फ़ाइलें तो हम काट देते हैं ना, सर. नंबर मिल गए, काम ख़त्म." मग त्यांनी विचारलं, "और है क्या?"

"सत्तावीस आहेत," मी मराठीतच बोलून गेलो. त्यांना आकडा कळला.

घरात एकच खुर्ची होती, तिच्यावर त्यांना बसवलं. मी मागे उभा राहिलो. एकेक लावत गेलो. पहिल्या दोन-तीन वेळा ते नुसते मान हलवत होते. वाटीचा आवाज आला तेव्हा म्हणाले, "दवाई की कटोरी." मला ती ताकाची वाटत आली होती. एका फाइलीत म्हातारी मुलाला विचारते, 'कुण सूं बात कर रह्यो छै?' आणि हे उत्तर देतात, 'कोई कोनी, माँ. मशीन चालू छै.' तिथे त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि रडले. मोठ्याने रडले, मला काय करावं कळेना. ते आईसाठी रडत होते. मी पलीकडचा 'कोई कोनी' होतो, कुणीच नाही, आणि ते बरोबरच होतं. मी त्यांना पाणी दिलं.

शांत झाल्यावर त्यांनी खोलीभर नजर फिरवली. यंत्रवाल्याची सवय सुटत नाही.

"फोम कहाँ है, सर?"

"फोम नहीं है. मैं अकेला रहता हूँ. तीन साल हो गए." जयपुरात हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं. त्यांनी पाण्याचा ग्लास अलगद खाली ठेवला.

मी सगळ्या फाइली त्यांच्या पेन ड्राइव्हवर घातल्या. त्यांनी एकेक उघडून तपासली. मग उभे राहिले आणि बराच वेळ पेन ड्राइव्हचं टोपण लावत-काढत राहिले.

"सर, एक बात कहूँ? बुरा मत मानिएगा. आप अपने पास मत रखिए."

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी त्यांच्यासमोर सत्तावीसच्या सत्तावीस निवडल्या आणि काढून टाकल्या.

"रीसायकल बिन से भी, सर," ते हळूच म्हणाले.

तिथूनही काढल्या. ग्रुपवरची माझी फाइलही काढली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ते जिना उतरून गेले. खाली स्कूटर दोन किकमध्ये सुरू झाली.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. तांदूळ धुतलेले होते, भूकही लागली होती. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. आमच्या सांगलीकडे अजून पाळतात. त्या बाईला जाऊन दोन महिने झाले होते, आणि ती माझी कोणी नव्हती. मी पातेल्यावर झाकण ठेवलं. गॅस पेटवला नाही.