बाद फेरीतले पाच गोल

दापोलीकडचा हमीद परकार अबुधाबीत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीची स्टाफ बस चालवायचा. कॅम्पमागच्या रेतीच्या मैदानावर फिटर, वेल्डर, सुतार गोळा करून कंपनीची फुटबॉल टीम उभी केली ती त्यानेच. गोल मारायला कुणीही शिकवतं, आपण अडवायला शिकवायचं, असं तो म्हणायचा. अठ्ठ्याण्णव सालच्या इंटर-कंपनी टुर्नामेंटमध्ये साखळीच्या सात मॅचमध्ये त्याच्या टीमवर दोनच गोल झाले.

टीमचा मॅनेजर पुण्याचा प्लॅनिंग इंजिनियर सूर्यकांत लेले. मॅच जिंकली की तो हमीदला घरी जेवायला न्यायचा. त्याची बायको अनुराधा आग्रह करकरून वाढायची. परक्या मुलखात आपलं माणूस मिळालं, असं हमीदने गावी बायकोला कळवलंही होतं.

सेमीफायनल शुक्रवारी सकाळी साडेसातला होती. गुरुवारी संध्याकाळी पंपिंग स्टेशनचं अर्जंट काम निघालं आणि सूर्यकांतने ड्युटी लिस्टवर तुकाराम फिटरचं आणि केरळच्या दोन वेल्डरांचं नाव घातलं. हे तिघं म्हणजे हमीदची अख्खी बचावफळी. हमीद तसाच त्याच्या केबिनमध्ये गेला. सकाळी सहाच्या आत सोडतो, इन्शाल्ला, असं सूर्यकांतने सांगितलं.

तिघं मैदानावर पोचले तेव्हा मॅच खलास झाली होती. पाच-एक.

शनिवारी जनरल मॅनेजरने दोघांना बोलावलं. एवढी मजबूत टीम अशी कशी कोसळली, हे त्याला कळेना. हमीदने सूर्यकांतकडे पाहिलं. सूर्यकांत इंग्रजीत बोलला, पण हमीदला सगळं समजलं.

"सर, साखळीत कुणीही जिंकतं. कोच कळतो तो नॉकआउटच्या डिफेन्सवरून."

ड्युटी लिस्टबद्दल एक शब्द नाही. हमीद वाट बघत उभा राहिला. दार उघडून बाहेर येईपर्यंत त्याला वाटत होतं, हा आता बोलेल.

तुकाराम वर जाऊन खरं सांगायला निघाला होता. त्याचा व्हिसा रिन्यूला आला होता, म्हणून हमीदनेच त्याला अडवलं. आठवड्याने नवा कोच आला.

मग एका दुपारी सूर्यकांत रिकाम्या बसमध्ये चढला. प्लॅनिंग चुकलं म्हणून माझ्यावरच शेकलं असतं, मुलांच्या शाळा आहेत, तुझं काय, टीमच तर गेली, नोकरी शाबूत आहे, असं बरंच बोलला.

हमीदने सगळं ऐकून घेतलं. "साहेब, मला बाजूला घेऊन आधी सांगितलं असतंत, तर पाचही गोल मी स्वतःहून माझ्या नावावर घेतले असते."

सूर्यकांत बसमधून उतरला. त्यानंतर हमीद त्या घरी जेवायला गेला नाही. अनुराधाने दोनदा निरोप पाठवला, तेव्हा तब्येतीचं कारण सांगितलं. गावी बायकोला मात्र त्याने हे कधीच कळवलं नाही.

दोन हजार दोनमध्ये टीम पहिल्यांदा फायनलला पोचली. सूर्यकांतचा फोन आला, एक दिवस येऊन डिफेन्स लावून दे म्हणून. ड्युटी आहे, असं सांगून हमीदने फोन ठेवला. फायनलच्या त्या शुक्रवारी त्याला सुट्टी होती. कपडे धुऊन, वाळत घालून तो दिवसभर खोलीवर पडून राहिला.