केळ्यातले किरण

सुपडूनानांना नथ्थूआबा फारसे ओळखत नव्हते. अणुविज्ञानाचा प्रसार करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे नाना केळी पिकवणाऱ्या मुक्ताईनगरातले एकमेव कार्यकर्ते, एवढंच ठाऊक होतं. लोकांची किरणोत्सर्गाची भीती घालवायला नानांनी भर सभेत केळं सोललं.

"यातही नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. तरी आपण खातोच ना?"

भीती गेली नाहीच, उलट केळ्यापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांनी माल उचलला नाही आणि बागायतदारांनी नानांशी बोलणं सोडलं. पुढच्या सभेला माणसं दिसली नाहीत तर शाखा बंद, असं संघटनेचं पत्र आलं. नाना त्या सभेचं निमंत्रण घेऊन आबांकडे आले.

"आबा, रविवारी याल ना?"

"येतो. पण या वेळी सोलणार काय?"

"बटाटा."

"मग चालेल. आपल्याकडे बटाटा कोणी लावत नाही."